रात्री उशिरा मूल रस्त्यावर दिसलं म्हणून आईबाबांना दंड? न्यू जर्सीतल्या मराठी पालकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र न्यू जर्सीतल्या सगळ्या मराठी आईबाबांसाठी आहे, त्यातही एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो ह्या आपल्या पट्ट्यात राहणाऱ्या आणि घरात तेरा ते सतरा वर्षांचं मूल असलेल्यांसाठी. आमच्या टाउनशिपच्या कौन्सिलपुढे एक ऑर्डिनन्स, म्हणजे गावापुरता कायदा, आलाय. मुलांसाठी रात्रीचा कर्फ्यू. अठरा वर्षांखालच्या मुलांनी रात्री ठरलेल्या वेळेनंतर आईबाबांशिवाय बाहेर दिसायचं नाही, आणि मूल पुन्हा पुन्हा सापडलं तर दंड आईबाबांनी भरायचा. तुमच्या गावात आज नसेल तर उद्या येऊ शकतो, कारण एका गावाने केलं की शेजारचं गाव करतं हे आपण गेली काही वर्षं बघतोय. कौन्सिलमध्ये मसुद्याचं पहिलं रीडिंग (वाचन) झालं तेव्हा आपल्यातलं कोणीही बोललं नाही. आणि नंतर ओळखीच्यांशी विषय काढला तर बहुतेक जण म्हणाले बरं झालं, हवंच होतं हे, आणि आपल्याला काय फरक पडतो, आपली मुलं कुठे रात्री बाहेर असतात.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपली मुलं रात्री बाहेर असतात. नवरात्रात गरब्याहून किती वाजता येतात? रोबोटिक्सचा सीझन असतो तेव्हा शाळेतून किती वाजता निघतात? गणपतीच्या आधी ढोल-ताशाची प्रॅक्टिस, मंडळाच्या नाटकाची तालीम, डंकिनच्या कॉफीच्या दुकानातली संध्याकाळची शिफ्ट, मित्राचा वाढदिवस, आणि कधीकधी नुसतंच दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मैत्रिणीकडून गप्पा मारून चालत घरी येणं. ह्यातलं एकही काम वाईट नाही आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही हो म्हणालेले असता, म्हणूनच मूल तिथे असतं.

आपल्याकडे दिवेलागणीला घरात, असा नियम होताच की, असं माझ्या एका मैत्रिणीने मला ऐकवलं. होता, माझ्या घरी तर फारच कडक होता. पण तो आईचा नियम होता. कोजागिरीला गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत दूध आटवत बसायचो तेव्हा तो नियम नव्हता, गणपतीत मंडळाच्या मांडवात रात्री उशिरापर्यंत बसायचो तेव्हाही नव्हता, बारावीला मैत्रिणीकडे अभ्यासाला राहायचं असेल तर आई आधी तिच्या आईशी बोलायची आणि मग सोडायची. कधी सोडायचं, कोणाबरोबर सोडायचं, कोणत्या पोराला सोडायचं आणि कोणाला नाही, हे सगळं ती ठरवायची कारण ती आम्हाला ओळखत होती. माझ्या धाकट्या भावाला ती ज्या वेळेला सोडायची त्या वेळेला मला नाही सोडायची, त्यावरून आम्ही भांडायचो, पण ते भांडण घरात व्हायचं आणि घरातच मिटायचं. त्यात पोलीस कुठेच नव्हता, दंडाची पावती नव्हती, कोर्टाची तारीख नव्हती.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. हा ऑर्डिनन्स एका तोंडाने म्हणतो की मुलाची जबाबदारी तुमची, आणि दुसऱ्या तोंडाने म्हणतो की मुलाला कधी बाहेर सोडायचं हे मात्र तुम्ही ठरवायचं नाही. हे दोन्ही एकत्र कसं चालेल? जबाबदारी माझी असेल तर निर्णयही माझा हवा. आणि माझ्या निर्णयावर विश्वास नसेल तर मग निर्णय तुमचा आणि दंड माझा, हा कुठला न्याय.

हे फक्त माझ्या मनातलं नाहीये, कोर्टांनीही साधारण हेच म्हटलंय. सॅन डिएगोचा कर्फ्यू १९९७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने रद्द केला, त्यात पालकांच्या मुलं वाढवण्याच्या हक्काचा मुद्दा होता. आपल्या न्यू जर्सीतच वेस्ट न्यूयॉर्क नावाचं गाव आहे, हडसन काउंटीत, तिथला कर्फ्यू २००१ मध्ये राज्याच्या अपील कोर्टाने रद्द केला कारण शब्द मोघम होते आणि पालकांच्या हक्कावर गदा येत होती. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टर शहराचा २००९ मध्ये रद्द झाला, आणि तिथे कोर्टाने शहराचेच आकडे शहरापुढे ठेवले की मुलांच्या हातून होणारे आणि मुलांच्या बाबतीत होणारे बहुतेक गुन्हे कर्फ्यूच्या वेळेत होतच नाहीत. सगळीकडे असं झालं असं मी म्हणणार नाही, डॅलसचा १९९३ मध्ये आणि वॉशिंग्टन डीसीचा १९९९ मध्ये कोर्टाने टिकवला. म्हणजे प्रश्न सरळसोट नाहीये, ऑर्डिनन्समध्ये नेमकं काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी तो वाचलाय?

आता न्यू जर्सीत काय चालतं ते सांगते कारण इथे बराच गोंधळ आहे. राज्याचा कायदा गावांना परवानगी देतो की अठरा खालच्या मुलांसाठी रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत कर्फ्यू लावा. आईबाबा बरोबर असतील तर चालतं, नोकरीवर जाताना येताना चालतं, मेडिकल इमर्जन्सी, शाळेचे कार्यक्रम, धार्मिक किंवा कम्युनिटी संस्थांचे कार्यक्रम, सांस्कृतिक कार्यक्रम ह्यांना सूट आहे. म्हणजे कागदावर तुमचा गरबा सुटला. पण रस्त्यावर रात्री साडेअकराला ही सूट कोण मागणार? सोळा वर्षांचं पोरगं, समोर गाडीचे दिवे लावून थांबलेला ऑफिसर, आणि त्याने सिद्ध करायचं की मी कार्यक्रमाहूनच येतोय, सरळ घरीच चाललोय, मध्ये कुठे थांबलो नाही. घाबरलेलं मूल काय बोलेल आणि कसं बोलेल हे सांगता येत नाही. आणि मैत्रिणीकडून चालत येणं हा सामाजिक कार्यक्रम धरायचा की नाही, हे त्या क्षणी त्या ऑफिसरच्या मनावर.

राज्याच्या ह्याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की मूल आणि पालक दोघांनी ऑर्डिनन्स मोडला तर दोघांनी मिळून कम्युनिटी सर्व्हिस करायची. खरं सांगू तर ही मला वाईट वाटत नाही. बाप-लेक शनिवारी सकाळी पार्क साफ करतायत, दोन तास एकमेकांशी बोलतायत, ह्यात कोणाचं नुकसान नाही. माझा विरोध दंड आणि जेलच्या भाषेला आहे.

आणि जेलची भाषा आलेली आहे बरं का. कॅमडेन काउंटीतल्या ग्लॉस्टर टाउनशिपने जुलै २०२५ मध्ये जो ऑर्डिनन्स केला त्यात २८ प्रकारचे गुन्हे यादीत आहेत, आणि मूल पुन्हा पुन्हा सापडलं तर आईबाबांना ९० दिवसांपर्यंत जेल किंवा २००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांचं कारण मला समजतं, २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या गावच्या जत्रेसारख्या वार्षिक कार्यक्रमात शेकडो पोरांनी मारामाऱ्या केल्या, पोलिसांनाही लागलं. त्याच वर्षी मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीच्या वीकेंडला आपल्याच राज्यातल्या समुद्रकाठच्या वाइल्डवुड गावाला आणीबाणी जाहीर करावी लागली आणि तशाच ओशन सिटीच्या बोर्डवॉकवर (किनाऱ्यालगतच्या लाकडी रस्त्यावर) एका पंधरा वर्षांच्या मुलाला भोसकलं. ज्यांनी त्या रात्री तिथे दुकान चालवलं, ज्यांची लहान मुलं त्या गर्दीत होती, त्यांची भीती खोटी नाही आणि ती मी कमी लेखत नाही. पण भीती खरी असली म्हणून उपाय बरोबर ठरतो असं नाही.

आणि ही आयडिया नवीन पण नाही. आपल्या राजधानीच्या गावाने, ट्रेंटनने, सत्तरच्या दशकात असाच ऑर्डिनन्स केला होता की मूल वर्षात दोनदा दोषी ठरलं तर पालक जबाबदार असं गृहीत धरायचं. १९७६ मध्ये अपील कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला आणि १९७७ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. कारण मुलाने काहीतरी केलं म्हणजे आईबाबांनी चूक केलीच असणार, हे गृहीत धरता येत नाही. ज्यांच्या घरात दोन मुलं आहेत त्यांना हे कोर्टाने सांगायची पण गरज नाही. त्याच ताटात जेवलेली, त्याच शाळेत गेलेली, तीच बोलणी खाल्लेली दोन मुलं किती वेगळी निघतात.

इथे कोणीतरी हमखास पुण्याचं नाव काढतं. कल्याणीनगरचा मे २०२४ चा तो पोर्शे गाडीचा अपघात, गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर, दोन तरुण जीव गेले, आणि मग म्हणतात बघा, आईबापांनाच धरायला पाहिजे. केस कोर्टात आहे त्यामुळे कोण दोषी ह्यावर मी बोलणार नाही. पण कायद्यापुरतं बोलायचं तर भारतात २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहे, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, आणि मला हा कायदा योग्य वाटतो. का? कारण लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात किल्ली देणं ही मोठ्या माणसाची स्वतःची कृती आहे. आणि मला माहीत नव्हतं, मी पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करायची संधीही त्या कलमात आहे. मिशिगनमध्ये २०२१ ला ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये चार मुलांना मारणाऱ्या पोराच्या आईबाबांना २०२४ मध्ये दोषी ठरवलं, दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, तिथेही बंदूक घेऊन दिली होती, घरात ती नीट कुलपात नव्हती, आणि शाळेने त्याच दिवशी बोलावून धोक्याची कल्पना दिली होती तरी मुलाला घरी नेलं नाही. ही सगळी पालकांची स्वतःची कृत्यं आहेत. माझं मूल रात्री अकराला फुटपाथवर उभं आहे, ह्यात मी नेमकं कोणतं कृत्य केलं?

तरुण ड्रायव्हरच्या नियमांबद्दलही असंच आहे. न्यू जर्सीत नवीन लायसन्सवाल्या मुलांना रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवता येत नाही, गाडीत एकच पॅसेंजर, नंबरप्लेटवर ते लाल स्टिकर. माझ्या मोठ्याला ते स्टिकर आवडत नाही, मला आवडतं. रात्रीचं ड्रायव्हिंग, अनुभव नाही, गाडीत मित्रांचा गोंधळ, ह्यातून जीव जातात हे सगळ्यांना माहीत आहे आणि तो नियम नेमका त्या धोक्यावर आहे. मुलांवर बंधनं नकोतच असं म्हणणारी मी नाही. बंधन कशावर आहे ते बघते.

आता मुख्य गोष्ट, हे कर्फ्यू उपयोगी पडतात का. नव्वदच्या दशकात सगळ्यांना वाटायचं पडतात. १९९६ ला प्रेसिडेंट क्लिंटन स्वतः कर्फ्यूच्या बाजूने बोलले, १९९७ ला अमेरिकेतल्या मेयर लोकांच्या सर्वेमध्ये ३४७ पैकी २७६ शहरांत रात्रीचा कर्फ्यू होता आणि बहुतेकांना वाटत होतं की छान चाललंय. वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. २०१६ मध्ये जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तोपर्यंतचे १२ अभ्यास एकत्र करून तपासले, गुन्हे कमी होतात किंवा मुलं कमी बळी पडतात असं त्यांना दिसलं नाही. वॉशिंग्टन डीसीचा एक अभ्यास तर फारच विचार करायला लावणारा आहे. तिथे कर्फ्यूची वेळ उन्हाळ्यात बाराची असायची आणि सप्टेंबरपासून वीकडेजना अकराची व्हायची, म्हणजे मधला एक तास तपासायला आयताच मिळाला, आणि गोळीबाराचा आवाज टिपणाऱ्या सेन्सरच्या नोंदींवरून दिसलं की कर्फ्यू अकराचा झाला की त्या तासात गोळीबार वाढायचा, कमी नाही. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं की रस्त्यावरची साधी माणसं, साधी पोरं घरी गेली की बघणारे डोळे कमी होतात. मला हे लगेच पटलं. आपल्या गल्लीत रात्री माणसं असली की एकटं चालायची भीती वाटत नाही, गल्ली ओस पडली की वाटते.

टेक्सास, जिथे कायदा-सुव्यवस्थेच्या बाबतीत कोणी मवाळ म्हणणार नाही, त्या राज्याने २०२३ मध्ये गावांना आणि शहरांना मुलांवर कर्फ्यू लावायलाच बंदी केली. शिकागोत २०२५ च्या जूनमध्ये पोलिसांना ऐनवेळी कुठेही कर्फ्यू जाहीर करता येईल असा ऑर्डिनन्स पास झाला आणि मेयरनी त्यावर व्हेटो वापरला. आणि इकडे आपण उलट्या दिशेने चाललोय.

शाळेच्या दिवसांत मुलांच्या हातून हिंसा सगळ्यात जास्त कधी होते? शाळा सुटल्यावर, दुपारी तीन-चारच्या सुमाराला. फेडरल सरकारचे आकडे हे वर्षानुवर्षं सांगतायत. त्या वेळेला आपण सगळे ऑफिसमध्ये, मीटिंगमध्ये, ट्रेनमध्ये असतो. त्यासाठी ऑर्डिनन्स काय म्हणतो? काहीच नाही. लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी, शाळेचं जिम संध्याकाळी वापरता येतं का, ज्या पोरांना गाडी नाही त्यांनी जायचं कुठे, ह्यावर एक ओळ नाही. मॉलमध्ये पण आता शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी पाचनंतर मोठं माणूस बरोबर लागतं, पॅरॅमसच्या गार्डन स्टेट प्लाझाने २०२३ मध्येच सुरू केलं ते. पोरांना सगळीकडून हाकलायचं आणि मग ती फोनला चिकटून खोलीत बसली की त्याचीही तक्रार आपणच करायची.

आणि आता जे आपल्या लोकांना सगळ्यात जवळून लागणार आहे ते. आपल्यातले कितीतरी जण अजून एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहेत, ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत, ज्यांचं कार्ड आलंय ते सिटिझनशिपची वाट बघतायत. सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे की तुम्हाला कधी अटक, सायटेशन (पोलिसांची लेखी नोटीस), डिटेन्शन झालंय का, कुठल्याही कारणाने. व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटकेबद्दल विचारतात. गावच्या ऑर्डिनन्सचा दंड म्हणजे मोठा गुन्हा नव्हे, खरं आहे, पण ते दरवेळी लिहायचं, कागद जोडायचे, वकिलाला पैसे द्यायचे, आणि मुलांसाठीही तेच, कारण एच-फोरवरच्या, म्हणजे आईबाबांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला एकवीसनंतर स्वतःचा व्हिसा लागतो आणि तिथे त्याचेच कागद बघणार. ह्या बाबतीत माझ्यावर विसंबू नका, तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, पण ऑर्डिनन्स पास व्हायच्या आधी विचारा.

आणि पोलीस थांबवणार कोणाला? रात्री अकराला हुडी घातलेली सावळी पोरं चालताना दिसली की त्यांच्याकडे कसं बघितलं जातं हे काळ्या आईबाबांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपण स्वतःला त्यातून वेगळं समजतो. आपला पोरगा शांत आहे, एपी क्लासेस (शाळेतलेच कॉलेजच्या पातळीचे वर्ग) घेतो, व्हायोलिन वाजवतो, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. आणि लिहिलेलं असतं तरी, शेजारच्या घरातला पोरगा व्हायोलिन वाजवत नाही म्हणून त्याला थांबवलेलं मला चालणार नाही.

ज्यांची नाईट शिफ्ट असते, हॉस्पिटलमध्ये, वेअरहाउसमध्ये, गॅस स्टेशनवर, किंवा रात्री इंडियाबरोबर कॉल असतात, त्यांनी काय करायचं हा पण प्रश्न आहे. एकट्या आईने वाढवलेली मुलं आपल्यातही आहेत, आपण त्याबद्दल बोलत नाही एवढंच. त्या आईला ग्लॉस्टरसारखा २००० डॉलरचा दंड लावून तिचं मूल घरी कसं बसणार, ती अजून एक शिफ्ट घेणार आणि मूल अजून एकटं राहणार.

म्हणून विनंती आहे. न्यू जर्सीत ऑर्डिनन्स पास व्हायच्या आधी दुसरं रीडिंग होतं आणि त्यात लोकांचं म्हणणं ऐकावंच लागतं, मगच मतदान. तिथे बोलायला सिटिझन असायची गरज नाही, त्या गावात राहता एवढं पुरे, नाव-पत्ता सांगायचा आणि काही मिनिटं मिळतात. मी जाणार आहे आणि विचारणार आहे की आपल्या गावात मागच्या वर्षी मुलांच्या हातून जे गुन्हे झाले ते किती वाजता झाले, ते आकडे आधी दाखवा. थांबवलेल्या मुलांची नोंद ठेवणार का, वय आणि वंशासकट, आणि ती दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर मांडणार का. आईबाबांनी लेखी किंवा फोनवर परवानगी दिली असेल तर मूल सुटणार का, हे वाक्य मसुद्यात घालणार का. आणि ह्या कामाला जो पोलीस ओव्हरटाइम लागणार आहे त्यातले थोडे पैसे लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला का देत नाही.

तुम्ही कर्फ्यूच्या बाजूने असाल तरी या आणि तसं बोला, पण मसुदा वाचून बोला. तो टाउनशिपच्या क्लार्ककडे मागितला की मिळतो. इंग्रजीतून माइकवर बोलायचं दडपण येत असेल तर आधी भेटू, मराठीत बोलू, तुमचं म्हणणं मी लिहून देईन आणि वाचताना शेजारी उभी राहीन. आणि जमलं तर मुलांना आणा, नियम त्यांच्यावर आहे आणि आत्तापर्यंत त्यांना कोणीच विचारलेलं नाही.

आपली,
मिडलसेक्स काउंटीतली एक आई